चुन्याच्या खुणा

सगुण तोरस्करला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून एका ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवत होता.

एकोणीसशे ब्याण्णवचा जानेवारी चालू होता. मी पंचवीस वर्षांचा, डिचोलीचा. रस्त्यांच्या खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून लागून मला आठ महिनेही झाले नव्हते. पेडणे तालुक्यातल्या पार्से गावाच्या वरच्या अंगाला सातवणीचा व्हाळ आहे. आमच्याकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. त्या व्हाळावर पोर्तुगीज अमदानीतला चिऱ्यांचा कमानी पूल होता, मोडकळीला आल्याने वाहनांना बंद केलेला. तो पाडून त्याच जागी काँक्रीटचा नवा पूल घालायचा होता. माझ्याकडे स्वतंत्रपणे आलेलं ते पहिलंच काम, आणि सगुण त्या कामावरचा मुकादम.

“पलीकडे जायला हीच वाट जवळची,” ट्रॅक्टरवाला म्हणत होता.

“वळसो घालून जा.”

“दीड कोस पडतो.”

“पडांदे. व्हाळातसून चाक जावचा नाय.”

मी साहेबी आवाजात मध्ये पडलो. म्हटलं, “मुकादम, एकदाच जातोय, तर जाऊ दे की.”

सगुणने माझ्याकडे पाहिलं. चाळिशी उलटलेला, बुटका, काटक माणूस. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो म्हणाला, “साहेब, जरा खाली येवन बघा.”

मी बूट काढले आणि पाण्यात उतरलो. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचा खडा न् खडा दिसत होता. त्याने पायाच्या अंगठ्याने तळ थोडासा उकरला. लाल ढग उठला आणि संथपणे खाली वाहत निघाला.

“थय, दोनशे पावलांर माझ्या भयणीची तळी आसा,” तो म्हणाला. “ह्या गदूळ तिच्या पोफळींक जाता. आज एक चाक, उद्या धा. मगे कोणाक म्हणून आडवतलंव?”

ट्रॅक्टरवाला वळसा घालून गेला. मी बूट हातात धरून काठावर चढलो आणि मनात म्हटलं, हा माणूस आपल्याला जड जाणार.

तो मला जड गेला नाही. मीच त्याला जड गेलो. तीच हकीकत सांगायची आहे.

सगुण चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. बाप त्याआधीच गेलेला. मोठी बहीण रुक्मिणी तेव्हा बारा वर्षांची. तिनेच त्याला वाढवलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, की भाऊ माझ्याबरोबर येणार. तो बहिणीच्या सासरी, तिच्या पोफळींच्या बागेत लहानाचा मोठा झाला. तिला तो बाय म्हणायचा. गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून लागला, पुढे मुकादम झाला, विनोदिनीवहिनींशी लग्न करून वरच्या रस्त्याला स्वतःचं घर बांधलं. तरी रोज संध्याकाळी कामावरून सुटला की आधी बहिणीच्या अंगणात जायचा, मग आपल्या घरी. रुक्मिणीबायचा नवरा वारला होता, मुलगी केरीला दिलेली. ती एकटीच ते कुळागर, म्हणजे ती बाग, बघायची. पोफळी, केळी, मिरीचे वेल, चार माड, आणि मध्यभागी दगडी पायऱ्यांची तळी. व्हाळाचं पाणी एका पाटाने त्या तळीत यायचं आणि तिथून साऱ्या बागेला फिरायचं.

सगुणला नकाशा वाचता यायचा, पण आपल्या पद्धतीने. तो कागद उलटा धरायचा, म्हणजे पाणी आपल्याकडे येताना दिसतं म्हणायचा. शाळा त्याची जेमतेम चौथी. व्हाळाच्या बाबतीत मात्र त्याचे नियम ठरलेले होते. अर्धा व्हाळ वाळूच्या पोत्यांनी अडवायचा, त्या अर्ध्यात पाया घ्यायचा आणि उरलेल्या अर्ध्यातून पाणी चालू ठेवायचं. मग बाजू बदलायची. काँक्रीट काठावर कालवायचं नाही, रस्त्यावर कालवायचं. घमेली व्हाळात धुवायची नाहीत. “सिमेटाचा पाणी गेला की माशांचे डोळे पांढरे जातंत,” तो म्हणायचा. डिझेलचे ड्रम चढावर, पाण्यापासून लांब. खोदलेली माती काठापासून वीस पावलं मागे. आणि जिथून पावसाचं पाणी माती घेऊन व्हाळात उतरेल तिथे नारळाच्या सोडणांचा आणि पेंढ्याचा आडवा बांध. त्यातून पाणी गाळून जायचं, माती मागे राहायची. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, “हे सगळं कुठून आलं, मुकादम?”

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, एकाहत्तर साली डिचोलीकडे एका लहान पुलावर तो मजूर होता. तिथे खोदलेली माती काठावरच टाकली आणि काठची झाडं सेंट्रिंगला टेकू म्हणून तोडली. जूनमध्ये सगळी माती खाली उतरली, पात्र भरलं आणि पाणी बाजूच्या वाड्यावर चढलं. एका बाईचा गोठा गेला. आतल्या दोन म्हशी मेल्या. त्या बाहेर ओढून काढणाऱ्यांत सगुण होता.

“ती बाय आमच्याकडे बघीत होती,” तो म्हणाला. “शिव्या घातल्यान आसत्यो तर बरा वाटला आसता.”

पुलापासून रुक्मिणीबायच्या कुळागरापर्यंत व्हाळाच्या दोन्ही काठांवर दाट झाडी होती. करंज, जांभूळ, उंडी, काही सातवणी, आणि त्यांच्या पायाशी केवड्याचं रान. त्या झाडांची मुळं पाण्यात उतरलेली होती, त्यांच्या सांदीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, राहायच्या. कामाला लागण्यापूर्वी सगुणने ती झाडं मोजली. त्रेचाळीस भरली. घरून तो चुना कालवून घेऊन आला, केवड्याचं मूळ ठेचून त्याचा कुंचला केला आणि प्रत्येक झाडाला छातीएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा ओढला. बाहेरगावच्या मजुरांना आणि ठेकेदाराच्या माणसांना उभं करून सांगितलं, “पांढरो पट्टो दिसलो म्हणजे हात लावूचो नाय.” त्या वेळी मीही तिथे होतो. मीही ऐकलं.

फेब्रुवारीत गावात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या गावी एका पुलाच्या कामात व्हाळ बुजला होता, ते लोकांनी पाहिलं होतं. देवळासमोर बैठक बसली. काम बंद पाडायचं, रस्त्यावर बसायचं, असं बहुतेकांचं मत होतं. मला बोलावलं होतं, मी कोपऱ्यात उभा होतो. तेव्हा सगुण उठला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. पंचा हातात घेऊन तो पिळत राहिला.

“पूल मोडकळीक इलो हा. नवो जावक होयो, ता तुमकाही म्हायत आसा,” तो म्हणाला. “पण व्हाळाक कायएक जावचा नाय. काठाचा एक झाड तुटाचा नाय. ह्यो माझो शबुद.”

कोणीतरी म्हणालं, “तुझ्या शबदान काय जाता? तू मुकादम. वर साहेब आसत, ठेकेदार आसा.”

तेव्हा बायकांच्या बाजूने रुक्मिणीबाय उठल्या. उंच, सडपातळ बाई, आवाज खणखणीत. “तळी माझी आसा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांत आदी मराचा तर मीच मरतलंय. माझो भाव खोटा बोलाचो नाय. काम करूंदेत.”

लोक उठून गेले. कोणी रस्त्यावर बसलं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये काम चांगलं चाललं. एका बाजूचा पाया झाला, भिंत वर आली. पाणी दुसऱ्या बाजूने वाहत होतं, तसंच स्वच्छ. रुक्मिणीबाय दुपारच्या कधीतरी यायच्या, ओंजळीत पाणी घेऊन बघायच्या आणि न बोलता परत जायच्या. सगुण त्यांच्या पाठीकडे बघून हसायचा. “तपासणेक इल्ली,” म्हणायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात विनोदिनीवहिनींच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या. बांबोळीच्या इस्पितळात नेलं, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. सगुणला त्यांच्यापाशी राहणं भाग होतं. निघताना तो माझ्याकडे आला. नेहमीच्या खाकी चड्डीऐवजी लांब पँट घातलेला सगुण मला ओळखूच येईना.

“साहेब, धा-अकरा दिस लागतीत. तवसर रस्त्यावरचा काम करून घेवा. व्हाळाच्या कामाक हात लावू नकात.”

“तू जा,” मी म्हटलं. “मी आहे ना इथे.”

त्याने मान डोलावली आणि पिशवी उचलली. त्याला तेवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा देखरेख करणारा बाबाजी माझ्याकडे आला. तोंडात साखर ठेवून बोलणारा माणूस. म्हणाला, दुसऱ्या बाजूचा पाया जूनच्या आत झाला नाही तर काम सहा महिने लटकेल, पावसात गावाचा रस्ताच तुटेल. बुलडोझर दोनच दिवस मोकळा आहे, मग तो दुसरीकडे जाणार. खालच्या अंगाने मशीन उतरवायला एक उतार करू दे. “आठच झाडं जातील, साहेब. फक्त आठ.” त्याच दिवशी वरिष्ठांचा फोन आला. काम कुठवर आलं, विचारलं. मी अडचण सांगितली. ते म्हणाले, “जागेवर तुम्ही आहात. बघा काय ते.” एवढंच.

मी बघितलं. सगुणचे नियम मला पाठ होते. पोती लावून, हाताने खोदून, थोडं थोडं करत काम होण्यासारखं होतं. कदाचित पाच-सहा दिवस जास्त गेले असते. पण माझी नोकरी कच्ची होती, पक्की व्हायला चार महिने होते, आणि आपल्या पहिल्या कामावर ‘लटकलं’ असा शेरा पडेल याची मला भीती होती. मी बाबाजीला म्हटलं, “आठच. एकही जास्त नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हापशाला बैठकीला जायचं होतं. ती बैठक चुकवता आली असती. मी गेलो. दुपारी तीनला परत आलो तेव्हा पुलाच्या खालच्या अंगाला मला पलीकडचा डोंगर दिसला. तो तिथून कधीच दिसत नसे. मधली झाडी गेली होती.

मशीनला वळायला जागा हवी म्हणून आणखी पाडली, मग पलीकडच्या काठावर जायला व्हाळातच माती लोटून भर घातली, मग तिथलीही पाडली. साठ-सत्तर मीटरपर्यंत दोन्ही काठ उघडे पडले होते. सोडणांचा बांध चिरडला होता. केवड्याची मुळं वर आली होती, ओली आणि पांढरी. व्हाळ वाहत होता, पण त्याचा रंग विटेसारखा झाला होता.

मी मशीन थांबवायला हवं होतं. बाबाजी म्हणाला, “झालं ते झालं, साहेब. उद्याचा दिवस आहे, पाया खोदून घेऊ.” आणि मला वाटलं, आता जे गेलं ते गेलंच आहे. दुसऱ्या दिवशीही मशीन चाललं. दुसऱ्या दिवशी मी तिथेच उभा होतो.

त्या दुपारी खालून माणसं वर आली. पाच-सहा जण असतील, पुढे रुक्मिणीबाय. त्यांच्या पायाला लाल चिखल लागला होता. त्या तळीतून आल्या होत्या.

“ही झाडां तोडूक कोणी सांगल्यान?”

बाबाजी पुढे झाला. माझी खात्री आहे, त्याने ते आधी ठरवलेलं नव्हतं. त्या क्षणी जिभेवर आलं ते त्याने बोलून टाकलं. म्हणाला, “झाडांवर खुणा होत्या, बाई. चुन्याच्या. तोडायच्या झाडांनाच खुणा करतात ना? आम्ही खुणा बघून तोडली. चुना कोणी लावला ते तुमच्या भावाला विचारा.”

रानातली लाकडं तोडणारे खरोखरच तोडायच्या झाडांवर खूण करतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चुना लावताना सगुणला तर अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

रुक्मिणीबाय माझ्याकडे वळल्या. “साहेब, खरा काय ह्या?”

एक वाक्य बोलायचं होतं. नाही, परवानगी मी दिली. इतकंच. मी खाली पडलेल्या एका करंजाकडे बघत राहिलो. त्याच्यावरचा पांढरा पट्टा जमिनीला टेकला होता.

“मुकादम आला की बोलू,” मी म्हटलं.

रुक्मिणीबाय वळून निघून गेल्या.

सगुण बाराव्या दिवशी आला. बसमधून उतरून पिशवी घेऊन थेट कामावर. मी लांबून पाहिलं. तो काठावर थांबला, पिशवी खाली ठेवली आणि हळूहळू व्हाळात उतरला. चिखलातून चिरडलेली सोडणं एकेक करून काढू लागला. मी खाली गेलो आणि सगळं सांगितलं. बाबाजी, फोन, आठ झाडं, म्हापसा. चुन्याबद्दल बाबाजी काय म्हणाला आणि मी काय म्हटलं नाही, तेही सांगितलं. एवढं तरी मी केलं.

त्याने ऐकून घेतलं. विचारलं, “किती दिस चल्ला मशीन?”

“दोन.”

“दुसऱ्या दिसाक तुमी हय होतात?”

“होतो.”

त्याने हातातलं सोडण पाण्यात धुतलं. ते धुऊन काही उपयोग नव्हता, पाणीच लाल होतं.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. तिथे काय झालं ते मला कितीतरी वर्षांनी विनोदिनीवहिनींनी सांगितलं. रुक्मिणीबाय अंगणात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “चुनो कोणी लावलो?”

“मी लावलंय,” सगुण म्हणाला.

“मगे?”

त्याच्याकडे सांगायला एवढं मोठं खरं होतं, पण ते सांगायचं म्हणजे दुसऱ्याचं नाव घ्यायचं होतं. आणि शब्द तर त्याने स्वतःच दिला होता. तो नुसता उभा राहिला. रुक्मिणीबाय म्हणाल्या, “आईच्या मागे तुका मी वाढवलंय. जा आता.” आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी मी सगुणला म्हटलं, “मी जाऊन सांगतो त्यांना. देवळासमोर सांगतो हवं तर.”

तो फावडं पुसत होता. म्हणाला, “सांगून काय? झाडां उबी रवतली? तुमची नोकरी जायत. शबुद मी दिल्लंय साहेब, तुमी नाय.”

मला सुटका हवी होती. त्याने ती दिली असं मी धरून चाललो. आज वाटतं, त्याने मला अडवलं नव्हतंच. मी त्याला विचारलं हीच चूक झाली. न विचारता गेलो असतो तर त्याने मला थांबवलं नसतं. पण मी विचारलं, कारण ‘नको’ ऐकायचं होतं.

जूनमध्ये उघड्या काठांची माती खाली उतरली. तळीच्या पायऱ्या एकेक करून चिखलाखाली गेल्या. श्रावणापर्यंत गुडघाभर गाळ होता. माणसं लावून काढला, पुढल्या साली पुन्हा भरला. दुसऱ्या पावसाळ्यात कुळागराच्या बाजूचा काठ ढासळला आणि बारा पोफळी मिरीच्या वेलांसकट व्हाळात गेल्या. चौथ्या वर्षी मार्च महिन्यातच व्हाळ आटला. त्या गावात कोणीही तो आटलेला पाहिला नव्हता. पूल मात्र चांगला झाला होता. अजून चांगला आहे.

गावाने सगुणला नाव ठेवलं. चुनेकार. आधी पाठीमागे, मग तोंडावर. दुकानात, बसस्टॉपवर. “चुनेकारा, आज खयच्या झाडाक पट्टो?” तो कुणाला उत्तर देत नसे. रोज संध्याकाळी कामावरून सुटला की बहिणीच्या वळणापर्यंत जायचा, तिथून अंगण दिसायचं, आणि तिथूनच परत फिरायचा. विनोदिनीवहिनी म्हणायच्या, तिकडे जाऊ नका, दुखून घेता. तो म्हणायचा, “वाट तशीच पडल्या.”

मृग लागला की तो काठावर रोपं लावायला जायचा. करंज, उंडी, जांभूळ, केवड्याचे कोंब. स्वतः बी रुजवून तयार केलेली. गुरं खायची, नाहीतर पाण्याच्या लोंढ्यात वाहून जायची. पुढल्या साली तो पुन्हा लावायचा. वरच्या वळणावर काही जांभळं जगली. त्यांना ना कोणी पाणी घातलं, ना कोणी त्याच्याबरोबर खड्डा खणायला आलं. चुनेकार आता पाप फेडतो आहे, असं लोक म्हणायचे.

मी बदली मागून घेतली होती आणि डिचोलीत आलो होतो. नोकरी पक्की झाली, लग्न झालं. अठ्ठ्याण्णवला पुन्हा पेडण्यात आलो तेव्हा एका दुसऱ्या गावी पुलाच्या कामावर सगुणच माझा मुकादम. मला पाहून त्याने पूर्वीसारखाच नमस्कार केला. तिथेही तीच पोती, तोच सोडणांचा बांध, माती वीस पावलं मागे. फक्त चुना नव्हता. राखायच्या झाडांना त्याने काथ्याची दोरी बांधली होती. या वेळी ठेकेदाराने मशीन उतरवू द्या म्हटलं तेव्हा मी नाही म्हटलं. काम महिनाभर लांबलं, मला जाब विचारला गेला, मी उत्तर लिहून दिलं. काही झालं नाही. इतकं सोपं होतं ते. त्या व्हाळाकाठचं एक पानही हललं नाही. पूल पुरा झाला त्या दिवशी मी सगुणला म्हटलं, “हा वाचला.”

“ह्यो वाचलो,” तो म्हणाला, आणि दोऱ्या सोडवायला गेला.

त्या दिवशी तरी मी पार्सेला जायला हवं होतं. त्याच्याबरोबर बसमध्ये बसून, तासाभराच्या वाटेवर. गेलो नाही. उद्या जाऊ, चतुर्थीला जाऊ, तो निवृत्त होईल तेव्हा त्याच्या घरी समारंभ असेल, तेव्हा सगळ्यांसमोर सांगू. तो निवृत्त झाला तेव्हा समारंभ झालाच नाही. घरी कोण येणार होतं?

दोन हजार नऊच्या जुलैमध्ये रोपं लावायला तो चिखलात उतरला होता, त्यानंतर आठवड्याभरात त्याला ताप आला. साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी गेला. त्रेसष्ट वर्षांचा होता. मला बातमी उशिरा कळली. मी बाराव्याला पोचलो. विनोदिनीवहिनींनी सांगितलं की अंत्ययात्रेच्या वेळी रुक्मिणीबाय आल्या होत्या. अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या, देह उचलल्यावर परत गेल्या. पाणीही घेतलं नाही. सतरा वर्षांत दोघांमध्ये एका शब्दाचं बोलणं झालं नव्हतं.

तिथून मी खाली त्यांच्या घरी गेलो. वाटेत कुळागर लागलं. निम्म्याहून जास्त पोफळी गेल्या होत्या. तळीच्या जागी चिखल आणि त्यात माजलेलं तेरं, रानटी अळू. एकाहत्तर वर्षांच्या रुक्मिणीबाय पडवीत बसून सुपारी सोलत होत्या. मी ओळख सांगितली. त्यांनी खिडकीखालची खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. चुना कशासाठी होता ते. आठ झाडांची परवानगी कोणी दिली ते. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी गप्प का राहिलो ते. सगुणने माझं नाव का घेतलं नाही ते.

बोलून झालं. सुपारी सोलणारा हात थांबला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, अंगणाकडे बघत होत्या.

“ह्या तो जितो आसताना कित्याक सांगलंस नाय?”

पायाशी घरंगळलेली एक सुपारी मी उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

“मी तेका जा म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “तो रोज वळणार येवन उबो रवायचो. माका दिसायचो. मी दार लावून घेयत होतंय.” मग म्हणाल्या, “तू सांगून सुटलंस. मी आता कोणाक जावन सांगू?”

मी हात जोडले. तेही मला शोभलं नसावं. मी पायरी उतरणार तेवढ्यात त्या उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, “दोन वाजले. जेवन जा.”

भात, डाळ आणि भेंडीची भाजी होती. त्या वाढून दारात जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. घास उतरत नव्हता, पण पानात टाकायची हिंमत झाली नाही. सगळं खाल्लं. त्यांनी मला माफ केलं असं मला वाटलं नाही. दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, एवढंच ते होतं.

पुढच्या महिन्यात विनोदिनीवहिनींच्या पेन्शनच्या कागदांसाठी मी पुन्हा गेलो. त्यांनी सांगितलं, मी येऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं त्यांच्या दारात आल्या. सतरा वर्षांनी. सगुणच्या फोटोकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि विचारलं, “शेवटाक काय बोलत होतो?”

विनोदिनीवहिनी म्हणाल्या, “तापात काय बोलतलो? बाय, बाय करीत होतो. लहान पोर करता तसा.”

“मग त्या काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काय नाय,” विनोदिनीवहिनी म्हणाल्या. “मोरीत माझी भांडी पडल्ली, ती घासल्यानी. चुलीकडचा पाणी भरल्यानी. आणि गेल्यो.”